रेषेपर्यंतच रक्त घेणारी लॅब

पाचपैकी चार तारे देतोय. एक का कापला, तेही लिहिणार आहे.

मी सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानात दिवाणजी आहे. विश्रामबागेतली ही लॅब शोधताना मी इथले सगळे अभिप्राय वाचून काढले होते. गाडी कुठे लावायची, थायरॉइडची तपासणी कितीला पडते, उपाशीपोटी किती वाजता यायचं, एवढं कळलं. मला हवं होतं ते कुणीच लिहिलेलं नव्हतं. दहा वर्षांची मुलगी आहे, अंगातून रक्त गेलं की आपण संपणार असं तिला खरोखर वाटतं, आणि तिचं रक्त दर आठवड्याला काढायचं आहे. ही माणसं ते कसं करतील? माझ्यासारखा आणखी कुणी बाप किंवा आई हेच शोधत इथे येईल, म्हणून सविस्तर लिहितो. लेकीचं नाव लिहीत नाही. उद्या मोठी झाल्यावर कुणाला काय सांगायचं ते तिचं ती ठरवेल.

तिला स्किझोफ्रेनिया आहे. "एवढ्या लहान पोरीला?" असं प्रत्येक जण विचारतो. हो, एवढ्या लहान पोरीला. तेरा वर्षांच्या आत हा आजार सुरू होणं फार दुर्मीळ आहे, पण होतं. तिसरीत होती तेव्हा आधी ताटावरून उठायला लागली. भिंतीतली बाई खाऊ नको म्हणते, असं सांगायची. आम्हाला वाटलं नखरे आहेत. मग कानात कापूस घालून झोपायला लागली. मग एक दिवस बाईंनी शाळेतून बोलावलं. ही वर्गात बाकाखाली बसली होती आणि कुणाला तरी "येते, येते, थांब" म्हणत होती. आठ वर्षांची होती.

पहिले चार महिने आम्ही घालवले. "बाहेरचं काही आहे का बघून घ्या" असं चारचौघांनी सांगितलं आणि आम्ही बघून घेतलं. कुठे गेलो, काय काय केलं ते लिहीत नाही. त्या चार महिन्यांत तिचं वजन तीन किलोनं उतरलं, एवढंच लिहितो. नंतर मनोविकारतज्ज्ञांकडे गेलो. आधी रिस्पेरिडोन, मग ओलान्झापिन, दोन्ही पुरेशा डोसमध्ये, पुरेसे आठवडे देऊन झाली. वजन वाढलं, भिंतीतली बाई गेली नाही. शेवटी पुण्याला चोवीस दिवस दाखल केलं. लहान मुलाला दाखल करायचं तर पालकानं सोबत राहायलाच हवं, मुलगी असेल आणि सोबत बाप असेल तर एक बाई माणूसही हवं, असा २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातच नियम आहे. सौ. आत राहिली, मी आठवड्याला एसटीनं जाऊन येऊन. तिथे क्लोझापिन सुरू झालं.

या लॅबचा संबंध इथून सुरू होतो, म्हणून या गोळीबद्दल दोन शब्द जास्त लिहितो. बाकी औषधं हरली की ही गोळी देतात आणि अशा वेळी हीच सगळ्यांत जास्त उपयोगी पडते, असं डॉक्टरांनी सांगितलं. पण काही थोड्या रुग्णांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पेशी, ती एकदम पाडते. १९७५ मध्ये फिनलंडमध्ये असं सोळा जणांना झालं, त्यातले आठ दगावले आणि बऱ्याच देशांत हे औषध बाजूला पडलं. पुढे १९८९ मध्ये अमेरिकेनं परवानगी दिली ती रक्ततपासणीची अट घालूनच. आमच्या डॉक्टरांनी घालून दिलेला हिशेब असा : पहिले अठरा आठवडे दर आठवड्याला रक्त, मग वर्ष भरेपर्यंत पंधरा दिवसांनी, पुढे औषध चालू असेपर्यंत महिन्याला. ताप आला किंवा घसा दुखला तर वार न बघता त्याच दिवशी. रिपोर्ट बघितल्याशिवाय पुढच्या आठवड्याच्या गोळ्या नाहीत.

डॉक्टरांनी हे सगळं कागदावर लिहून समजावलं. समजलं. तरी सांगलीला परतल्यावर पहिल्या रात्री गोळी हातात घेऊन मी स्वयंपाकघरात उभा राहिलो ते बराच वेळ. अर्धी गोळी होती, साडेबारा मिलिग्रॅमची. शेवटी सौ.नं माझ्या हातातून घेतली आणि तिला दिली.

पहिल्या दोन वेळा आम्ही घराजवळच्या दुसऱ्या एका लॅबमध्ये गेलो. तिचं नाव घेत नाही. तिथे तिघांनी लेकीला खुर्चीत दाबून धरलं. एकानं डोकं, एकानं पाय. "एवढी मोठी झालीस, रडतेस काय," म्हणाले. तिसऱ्यानं सुई घातली, शीर चुकली, परत घातली. ती रडत नव्हती हो, ती ओरडून सांगत होती की मी कमी होतेय, मी कमी होतेय. घरी आल्यावर दोन दिवस पाण्याशिवाय काही घेतलं नाही. अजून सोळा आठवडे बाकी होते. मी त्या रात्री डॉक्टरांना फोन करून म्हणालो, गोळी बंद करू. ते म्हणाले, गोळी नका बदलू, लॅब बदला.

इथे मी आधी एकटा आलो. सकाळच्या गर्दीत काउंटरवरच्या मुलीला म्हणालो, पाच मिनिटं बोलायचंय. रक्त काढणाऱ्या ताई आतून आल्या. मी आजाराचं नाव सांगितलं आणि नेहमीप्रमाणे समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिलो. त्यांनी विचारलं, "तिला कशाची भीती वाटते? सुईची की रक्ताची?" दोन वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी म्हणालो, रक्त गेलं की आपण कमी होतो असं तिला वाटतं. त्यांनी कागदावर ते लिहून घेतलं. मग म्हणाल्या, दुपारी अडीचला आणा, तेव्हा कुणी नसतं. आणि डॉक्टरांना विचारून बधिर करणारं मलम लिहून घ्या, निघायच्या तासभर आधी दोन्ही कोपरांच्या आतल्या बाजूला लावा, वरून चिकटपट्टी.

त्या पहिल्या शनिवारी काय झालं ते जसंच्या तसं सांगतो. लेक जिन्यातच बसली. पहिल्या मजल्यावर लॅब आहे, ती सातव्या पायरीवर बसली आणि उठेना. ताई खाली आल्या, दोन पायऱ्या सोडून बसल्या. हातात जांभळ्या टोपणाची रिकामी नळी. म्हणाल्या, "ही बघ. ह्याच्यावर रेष आहे. रक्त ह्या रेषेपर्यंत. रेषेच्या वर एक थेंब नाही. तू बघत राहायचं. रेष आली की तू 'बस' म्हणायचं, मी थांबणार."

लेकीनं नळी हातात घेऊन बघितली. "खोटं बोलताय," म्हणाली.

"मग एकदा बघून ठरव."

तिला खोटं बोलू नका, हे आम्हाला पुण्याला शिकवलं होतं. भिंतीत बाई आहे असंही म्हणायचं नाही, नाहीये म्हणून वादही घालायचा नाही. ताईंना हे कुणी शिकवलेलं नसावं. रक्त गेल्यानं तू कमी होत नाहीस, असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. किती जाणार ते दाखवलं, बस.

वर खुर्चीत मी तिला मांडीवर घेतलं. कुणी धरलं नाही. लहान मुलांना वापरतात ती फुलपाखरासारखे पंख असलेली सुई होती. आता पट्टी बांधते, आता गार लागेल, आता टोचेल, असं प्रत्येक पाऊल आधी सांगून. रक्त चढायला लागलं, लेकीचे डोळे नळीवर. रेष आली. ती "बस" म्हणाली आणि ताईंनी त्याच क्षणी पट्टी सोडली, सुई काढली. दोन मिली. मग नावाची चिठ्ठी लेकीच्या हातात दिली. नाव बरोबर आहे का वाचून तूच चिकटव, म्हणाल्या. तिनं वाचलं, वय चुकलंय म्हणाली, दहाचं नऊ छापलं होतं. ताईंनी ते काउंटरवर जाऊन दुरुस्त करून आणलं. दोन वर्षं घरातलं कुणीच जिच्या बोलण्यावर विश्वास ठेवत नव्हतं, तिचं म्हणणं कुणीतरी खरं धरलं आणि कागद बदलला. मी तेव्हा खिडकीकडे तोंड करून उभा राहिलो.

त्यानंतर एकही आठवडा चुकला नाही. बहुतेक वेळा त्याच ताई, तीच खुर्ची, तीच वेळ. त्या रजेवर जाणार असल्या की आधीच्या शनिवारी लेकीला स्वतः सांगतात आणि त्या दिवशी कोण असेल त्यांना बोलावून ओळख करून देतात. तिला अचानक नवा माणूस चालत नाही. घरात पाहुणे आले तरी दोन दिवस आधी सांगावं लागतं.

आता रिपोर्टचं. हा भाग कोरडा वाटेल, पण ज्यांना गरज आहे त्यांना हाच लागेल. साध्या सीबीसीत पांढऱ्या पेशी एकूण किती आणि त्यातल्या न्यूट्रोफिल किती टक्के, एवढंच इथे छापून यायचं. आमच्या डॉक्टरांना न्यूट्रोफिलचा प्रत्यक्ष आकडा लागतो, त्याला एएनसी म्हणतात. एकूण पेशी ५६०० आणि न्यूट्रोफिल ५५ टक्के असतील तर एएनसी ३०८०. गुणाकार मला येतो, आयुष्य त्यातच गेलं; पण आकडा लॅबच्या कागदावर यावा असं डॉक्टरांचं म्हणणं. मी विनंती केली, पुढच्या शनिवारपासून आकडा छापून यायला लागला. संध्याकाळी सहाच्या आत रिपोर्ट माझ्या आणि डॉक्टरांच्या व्हॉट्सॲपवर. एकदाही सात वाजले नाहीत. मी घरी एक लाल बासनाची वही केली आहे, दुकानातल्या रोजकीर्दीसारखी. तारीख, डोस, वजन, एएनसी, झोप, शौच. शेवटचा रकाना बघून हसू नका, या गोळीनं बद्धकोष्ठ होतं आणि ते अंगावर काढलं तर जिवावर बेततं. लाळही फार गळते. रोज रात्री उशीवर टॉवेल घालतो, सकाळी धुतो.

अकराव्या आठवड्यात आकडा १९०० आला. त्याआधी ४२००, ३९००, ३१००, २६००, असा उतरतच होता. आमच्या डॉक्टरांची रेघ २००० ची. त्याच्या खाली गेलं की आठवड्यातून दोनदा रक्त, आणि १५०० च्या खाली गेलं की गोळी बंद. गोळी बंद म्हणजे आमच्यासाठी काय, ते सांगायला हवं. तोपर्यंत भिंतीतली बाई "लांबून बोलते" इथवर आली होती. लेक ताटावर बसून अख्खी भाकरी खायला लागली होती. एकदा तिनं सौ.ला विचारलं होतं, "आई, तू एवढी बारीक कधी झालीस?" दोन वर्षांत तिनं आईकडे बघितलंच नव्हतं, ते त्या दिवशी आम्हाला कळलं.

तो रिपोर्ट लॅबनं नुसता व्हॉट्सॲपवर टाकून दिला नाही. पाच वाजता पॅथॉलॉजिस्ट मॅडमचा स्वतःचा फोन आला. यंत्रानं दिलेला आकडा त्यांनी काच करून सूक्ष्मदर्शकाखाली बघून तपासला होता. तुमच्या डॉक्टरांशी बोलले आहे, घाबरू नका, पण आज रात्री ताप मोजा, म्हणाल्या. मी यार्डात हळदीच्या पोत्यांमध्ये उभा होतो. वजनकाट्यावर आकडे चालू होते आणि मला त्यातला एकही ऐकू येत नव्हता.

मग डॉक्टरांनी विचारलं, नमुना किती वाजता घेतला? त्या आठवड्यात शाळेचं काही होतं म्हणून आम्ही सकाळी साडेसातला गेलो होतो. ते म्हणाले, काहींच्या न्यूट्रोफिल सकाळी कमीच असतात, दिवस चढेल तसा आकडा वर येतो. पुढचे सगळे नमुने दुपारीच घ्या. मंगळवारी दुपारी अडीचला घेतला, २४०० आला. शनिवारी २७००. गोळी चालू राहिली. तीन आठवडे आम्ही आठवड्यातून दोनदा येत होतो आणि दुसऱ्या फेरीचे पैसे लॅबनं घेतले नाहीत. मी द्यायला गेलो तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, मॅडमनी सांगून ठेवलंय.

एकदा रात्री साडेनऊला ताप आला, एकशे एक. फोन केला. लॅब बंद झालेली. वरच राहणारा मदतनीस दादा खाली आला, दार उघडलं, ताईंना बोलावून घेतलं, साडेदहाला आकडा हातात. ५२०० होता, टॉन्सिल निघाले. डोस वाढवलेल्या आठवड्यांत तीन वेळा छातीचा ठोका जलद झाला म्हणून सीआरपी आणि ट्रोपोनिन (अंगातली सूज आणि हृदयाच्या स्नायूला झालेली इजा दाखवणाऱ्या रक्ततपासण्या) सांगितलं होतं, तेही त्याच दिवशी मिळालं.

आता कापलेला तारा.

बाहेर बसायच्या जागेत टीव्ही आहे आणि त्यावर कायम बातम्या. सहा जण एकाच वेळी ओरडत असतात. जिला स्वतःच्या डोक्यातले आवाज आणि बाहेरचे आवाज वेगळे करायला दिवसभर कष्ट पडतात, तिला त्या खोलीत दहा मिनिटं बसवणं काय असतं ते कल्पून बघा. दुपारी ताई स्वतः बंद करतात. पण संध्याकाळच्या पाळीतल्या मुलाला मी दोनदा विनंती केली. एकदा त्यानं आवाज कमी केला, दुसऱ्यांदा "इतर पेशंट बघतायत" म्हणाला. इतर पेशंट मोबाइल बघत होते. लेक त्या दिवशी बातमी देणाऱ्याला उत्तरं द्यायला लागली आणि सगळे तिच्याकडे बघायला लागले. आम्ही नमुना न देता परत गेलो. हे मी मॅडमना सांगितलंय, त्यांनी माफी मागितली, रिमोट मात्र अजून त्या मुलाच्याच हातात असतो.

दुसरं, जिना. लिफ्ट नाही. आमचं चालतं, म्हाताऱ्या माणसांचं अवघड आहे. रविवारी दुपारी बारानंतर बंद. सीबीसीला अडीचशे रुपये घेतात, घरी येऊन नमुना घ्यायचा तर शंभर वर. घरची सोय चांगली आहे, पण आम्ही एकदाच घेतली. लेक म्हणाली, सुई घरात नको, घर घरासारखं राहू दे.

आणखी एक गोष्ट. एका रात्री दोन वाजता ती दार उघडून बाहेर पडायला निघाली होती तेव्हा मी १४४१६ ला फोन लावला होता. सरकारची टेली-मानस सेवा आहे, ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. सकाळ होईपर्यंत तिच्याशी कसं बोलायचं, घरात काय काय उचलून ठेवायचं, हे त्या बाईंनी शांतपणे सांगितलं. हे मी इथल्या काउंटरवर बोलताबोलता सांगितलं, तर पुढच्या शनिवारी तो नंबर मोठ्या अक्षरात काचेवर लावलेला दिसला. परवा एक बाई पदर डोक्यावर घेऊन तो मोबाइलमध्ये टिपून घेत होत्या. मी काही विचारलं नाही.

अठरा आठवडे संपले. आता पंधरा दिवसांनी येतो. लेक चौथीत परत जाते, अर्धा दिवस. बाई भिंतीत आहे, पण तिचं ऐकायलाच हवं असं नाही, असं ती स्वतः म्हणते. वहीत एएनसीचा आकडा आता तीच लिहिते, आणि पुढे छोटी आडवी रेष मारते.

लॅबला एवढंच सांगणं : पुढचा नमुना शनिवारी दुपारी अडीचला आहे, पण त्याच्या पुढच्या खेपेला शाळेची सहल असल्यामुळे आम्हाला संध्याकाळी सहालाच यावं लागेल. ताईंना आम्ही सांगू. टीव्हीचं तेवढं बघा.